अर्धं तिकीट मागून येऊन राह्यलं

नाटकाच्या गेटवर उभं राहणं काय असते ते ज्यानं केलं त्यालेच माहीत. वडशाच्या आमच्या नाटक कंपनीचं गेट मी, गुणवंत मारबते, जवान होतो तवापासून सांभाळतो. दिवाळी झाली, धान घरात आलं का आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच, अन् मंडई म्हटली का नाटक आलंच. कनातीनं घेरलेला मंडप, समोर एकच गेट, अन् गेटवर मी. दर मंडईले एक तरी शहाणा येतेच. म्हणते, "भाऊ, माझं तिकीट साळ्याजवळ आहे, साळा मागून येऊन राह्यला." त्याले मी म्हणतो, बाजूले हो. माझ्या सख्ख्या जवायाले बी एकदा असंच बाजूले केलं. जवाई रुसला, पोरगी रडली, बायकोनं माझ्याशी बोलणं टाकलं. मी म्हटलं, गेट म्हणजे गेट.

हे फुशारकी मारासाठी नाई सांगून राह्यलो. बरं, थोडी फुशारकी आहे, खोटं कायले बोलू? पण सांगाचं आहे ते माझ्या भाचीबद्दल. रीता दिघोरे. तिनं बी एक गेट सांभाळलं, अन् माझ्यापेक्षा जबर सांभाळलं. हे मी दुसऱ्या कोणाबद्दल म्हटलं नसतं.

रीता माझ्या बहिणीची पोरगी. बाप दादाजी दिघोरे, जातीचा ढिवर, गावच्या तलावात अन् वैनगंगेत मासे धरणारा. दादाजी अंगणात जाळं पसरवून बसला का ही टिल्लीशी पोट्टी त्याच्या बाजूले बसे अन् जाळं इंच इंच पाहे. "बाबा, इथी फाटलं. बाबा, इथी बी." दादाजी चिडे. म्हणे, "अवं, एक तं मासा पकडू दे, नाईतं दिवसभर शिवतच बसतो." पण शिवे. कारण तिनं दाखवलेलं भोक खरंच राहे. बोलाले तिखट, हसाले मोठी. ती हसली का स्टेशन रोडवरचे लोक वळून पाहत.

बारावी झाली, ब्रह्मपुरीले कम्प्युटरचा क्लास केला, नागपुरात एका दुकानात काम केलं, अन् एक दिवस जुने-पुराने कम्प्युटर मेटॅडोरमध्ये टाकून वडशाले वापस आली. तांदळाच्या एका दुकानामागं खोली घेतली अन् नेट सेंटर टाकलं. दोन हजार पाच-सहाची गोठ आहे. लोक म्हणाले, ढिवराची पोरगी आता कम्प्युटरचं जाळं टाकून राह्यली. तिनं तेच धरलं अन् पाटीवर लिवून टाकलं, "जाळं नेट सेंटर". सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन आत येणाऱ्याले ती दारातूनच वापस करे. "थुकून या, हात धुवून या, मंग बसा." मोठे मोठे ठेकेदार गपचिप नळावर जात. मले पाहून भलती मजा वाटे.

त्या सेंटरवर पहिल्या उन्हाळ्यात बुधरी आली. कुरखेड्याच्या पल्याड, जंगलातल्या गावची, गोंडाची पोरगी. सोबत बाप झिंगू. बापाच्या खांद्यावर मोहफुलाचं गाठोडं, पोरीच्या हातात बारावीची मार्कलिस्ट. तिले नर्स व्हाचं होतं. तिच्या गावात कोणी बिमार झालं का खाटेवर टाकून नाल्यापल्याड न्या लागे, म्हणून. नागपूरच्या एका नर्सिंग कॉलेजाचा फारम रीतानं भरून देला. बुधरीनं इचारलं, "ताई, माझा नंबर लागला तं मले कसं कळन?"

"तुले पत्र येईन. पण पत्र आलं म्हणजे झालं नाई," रीता म्हणाली. "मंग इथी येऊन नेटवर 'हो, मी येतो' म्हणून सांगा लागते. मुदतीत नाई सांगतलं तं जागा दुसऱ्याले जाते. तू फक्त ये. पुढचं माझ्यावर."

'माझ्यावर' म्हणाली ती. झिंगूनं हात जोडले. त्या एका शब्दापायी पुढं जे झालं ते झालं.

आता फायरवॉल म्हणजे काय ते सांगतो. मी पहिल्यांदा नाव ऐकलं तवा म्हटलं, आगीची भिंत कायले पाहिजे वं तुले? रीता हसली. म्हणाली, "मामा, गेटवरचा माणूस आहे तो. बाहेरून जे येते त्याले पाहते, चांगलं असलं तं आत सोडते, नाईतं हाकलून देते. तुमच्यासारखा. फक्त खर्रा खात नाई अन् जवायाशी भांडत नाई."

"मंग माझ्यासारखा कसा?" मी म्हटलं.

त्या काळात जगभरचे बिमार कम्प्युटर दिसल त्या दारावर धडका मारत फिरत. गेट नसलेला कम्प्युटर नेटले लावला का थोड्याच वेळात त्याले बिमारी लागे अन् तो आपल्या मनानं बंद पडे. म्हणून रीतानं एका जुन्या कम्प्युटरले फक्त गेटवर बसवलं होतं. त्यातलं सॉफ्टवेअर बाहेरदेशातल्या कोण्या मंडळीनं बनवून फुकट वाटलेलं. चांगलं काम करे.

मंग पाण्याचे दिवस लागले अन् सेंटरचं नेट अडकाले लागलं. सकाळी नेट चालू, दुपारी ठप्प. रीता गेटवाला कम्प्युटर बंद करून चालू करे, का पुन्हा काई वेळ चाले, पुन्हा ठप्प. गिऱ्हाईक वैतागले. टेलिफोनवाले म्हणाले, आमची लाइन बरोबर आहे. मी म्हटलं, "कोणाची नजर लागली, लिंबू-मिरची बांध." तिनं माझ्याकडं असं पाह्यलं का मी चहा प्याले निघून गेलो.

पण तिचा जीव गिऱ्हाइकासाठी नाई जळत होता. बुधरीचं पत्र कधीही येणार होतं. ती पोरगी जंगलातून पायी, मंग बसनं, धडपडत इथी पोचणार अन् सेंटर बंद! वडशात दुसरं एक नेट सेंटर होतं, ते उन्हाळ्यातच बंद पडलं होतं.

एका दुपारी गेलो तं रीता दोन कम्प्युटरच्या मधात बसली होती. डोळे तांबडे. म्हटलं, काय करून राह्यली?

"आपल्याच गेटवर दगड मारून राह्यलो."

"येडी झाली का वं?"

"बसा, मामा. सांगतो." तिनं खुर्ची सरकवली. "नेटवर कोणतीही गोठ अख्खी येत नाई, तुकड्यानं येते. एक तुकडा पुढं, दुसरा मागून. पहिला आला का गेटवाला त्याले बाजूले उभं करते, दुसऱ्याची वाट पाहते. दोघं आले का जोडून पाहते अन् आत सोडते. बरोबर? आता मी काय केलं, या कम्प्युटरवरून नुसते पहिलेच तुकडे पाठवले. दुसरे पाठवलेच नाई. एकामागं एक, एकामागं एक."

"म्हणजे तिकीट साळ्याजवळ आहे म्हणणारे!" मी उडालोच.

"हाव. अन् साळा येतच नाई. बाजूले उभे राहणारे वाढतच जाते. गेटवाला बिचारा प्रत्येकाची वाट पाहते. शेवटी उभं कराले जागाच राहत नाई, अन् तिकीटवाले खरे लोक रस्त्यावर. पाहा." तिनं पडद्याकडं बोट केलं. सेंटर ठप्प झालं होतं. रोज बाहेरचे बिमार कम्प्युटर जे करत होते ते तिनं आपल्या हातानं करून पाह्यलं.

"चोर आत नाई घुसला," ती म्हणाली, "पण त्यानं गेटच जाम केलं. अन् हे फक्त माझ्या इथी नाई. हे सॉफ्टवेअर जिथी जिथी आहे तिथी हेच भोक आहे. दवाखान्यात असन, बँकेत असन."

माझ्या पोटात गोठ राहत नाई, सगळ्या वडशाले माहीत आहे. नाटकाच्या प्रचाराचा ऑटो दारातच उभा होता, भोंगा लावलेला. म्हटलं, आत्ता सांगतो गावाले, आमच्या रीतानं बाहेरदेशाच्या लोकाईची चूक पकडली! अन् निघालो. पोरीनं मागून माझा शर्ट धरला अन् टर्रकन बटन तुटलं.

"मामा, एक शब्द बोलले तं पाहा! कनात कुठी फाटली ते गावात सांगतलं तं फुकटे कुठून घुसतीन? आधी शिवू द्या. बनवणाऱ्याईले मी कळवतो. ते दुरुस्त करतीन, सगळे दुरुस्त झालेलं घेतीन, मंग भोंगा लावा."

मी गप्प राह्यलो. किती तरास झाला म्हणून सांगू! पानठेल्यावर गोठ ओठापर्यंत येई अन् मी खर्रा कोंबून तोंड बंद करी.

तिनं बनवणाऱ्याईले लिवलं. इंग्रजी तिची माझ्या जवायाच्या स्वभावासारखी, वाकडी, पण मुद्दा सरळ. त्याईचं उत्तर आलं अन् पोरीचा चेहरा उतरला. त्याईनं इचारलं होतं का वाट पाहाची मुदत तुम्ही बदलली का? आमच्या सॉफ्टवेअरमध्ये थोडाच वेळ वाट पाहाची असते. तुम्ही किती ठेवली?

रीतानं ठेवलीच नव्हती. मुदतच काढून टाकली होती.

"काऊन वं?" मी इचारलं.

"आपल्याकडची लाइन हळू, मामा. एखाद्याचा दुसरा तुकडा येता येता उशीर होते. आपण मंडईले पाहुण्यासाठी जेवणाची पंगत थांबवतो का नाई? उशीर झाला म्हणून दार लावतो का? मी गेटवाल्याले सांगतलं, येईपर्यंत थांब." अन् एकदम तिचा आवाज फुटला. "चूक माझीच असन तं? बुधरीची जागा माझ्याच शहाणपणानं गेली तं?"

आमच्या झाडीतल्या माणसाशिवाय ही चूक कोणाच्यानं होणार नाई. यंत्राले बी पाहुणचार शिकवला पोरीनं! मले हसू आलं. म्हटलं, "चूक असन तं मान. पण आधी भोक पाहा, कोणी पाडलं."

"तेच करतो," ती म्हणाली अन् नाक पुसलं.

तिनं मुदत होती तशी, थोडीशी, करून टाकली. पुन्हा आपल्या गेटवर दगड मारले, जरा जास्त जोरानं. गेट पुन्हा जाम. उशिरानं झालं, पण झालंच. म्हणजे तिच्या पाहुणचारानं दुखणं लवकर वर आलं, दुखणं मात्र मुळातलंच होतं. बाजूले उभं राहणाऱ्याईची हद्दच त्या लोकाईनं ठरवली नव्हती. किती बी येवो, उभे करत जा. तिनं पुन्हा लिवलं. चूक माझी होती ती मानली, आता तुमची तुम्ही पाहा, असं. इतकं सरळ लिवाले छाती लागते. मले पोरीचा त्या दिवशी खरंच अभिमान वाटला.

ते लोक दुरुस्तीले लागले तोवर इकडं बुधरी येऊन टपकली. डाकेनं गावात पत्र पोचेपर्यंत मुदत सरत आली होती. त्याच दिवशी पाच वाजता कॉलेजचं नेटवरचं दार बंद होणार होतं. बापलेक दोघं नखशिखांत ओले. वैनगंगा दुथडी भरलेली, ब्रह्मपुरीच्या रस्त्यावर पाणी, बस बंद, गोंदियाची गाडी निघून गेलेली. दुसरीकडं जाणं नाईच. अन् त्या दिवशी बाहेरच्या बिमार कम्प्युटरले कोणता ऊत आला होता कोण जाणे. गेट लावलं का जाम, लावलं का जाम.

"गेटच काढून टाक ना!" मी म्हटलं. "एक कम्प्युटर सरळ लाव."

तिनं तेही करून पाह्यलं. नेट लागलं, कॉलेजचं पान उघडाले सुरुवात झाली, अन् कम्प्युटरनं पडद्यावर मरणाची चिठ्ठी दाखवून आपल्या मनानं डोळे मिटले. दुसरा लावला, तोही गेला. बुधरी पत्र छातीशी धरून उभी होती, पॉलिथिनमध्ये गुंडाळलेलं. झिंगू दारात उकिडवा बसला होता.

रीता उठली. चॅटिंग करणाऱ्या पोट्ट्याईले ओरडली, "उठा रे सगळे! बंद करा!" एकजण म्हणाला, ताई, माझं अर्धं राह्यलं. "माझं बी अर्धंच राह्यलं, चाल!" खोली खाली झाली. मंग ती गेटवाल्या कम्प्युटरसमोर स्वतः बसली.

"बुधरी, तू तिकडं बस. माउस धर. मी इथून हलू शकत नाई. बाजूले उभे असलेले सगळे मी हाकलत जातो. हाकलले का थोडा वेळ वाट मोकळी राहते. मी 'जा' म्हटलं का दाबाचं, 'थांब' म्हटलं का हात उचलाचा. समजलं?"

"ताई, मी कधी माउस धरला नाई."

"मंग आज धर."

त्या पोरीनं माउस धरला तो कोंबडीचं पिल्लू धरावं तसा. रीतानं हाकलले. "जा!" पान अर्धं आलं. "थांब!" पुन्हा हाकलले. "जा!" नाव टाकाची जागा आली. एक बोट, एक अक्षर. "थांब! ... जा!" नंबर टाकला, गेट जाम, नंबर पुसला गेला. बुधरीच्या डोळ्यातून पाणी गळून कीबोर्डवर पडलं. रीता तिच्याकडं न पाहता म्हणाली, "रडून घे, पण बोट चालू ठेव." अन् पुन्हा "जा!" मी भिंतीवरच्या घड्याळाखाली उभा होतो अन् मले काईच करता येत नव्हतं. आयुष्यभर गेटवर माणसं अडवली, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं का अडवणाऱ्याच्या मागं बी कोणी तरी उभं असते, ज्याले खरंच आत जाचं असते.

शेवटच्या बटनापर्यंत पोचली अन् बुधरीचा हात थांबला. "ताई, हे दाबलं अन् मधातच जाम झालं तं?"

"नाई होऊ देत," रीता म्हणाली. तिची बोटं कीबोर्डवर पाऊस पडावा तशी पडून राह्यली होती. बाहेरचे येत होते, ती हाकलत होती. येत होते, हाकलत होती. "मी हाकलत राहतो. तू दाब. जा!"

पडदा पांढरा झाला. पांढराच राह्यला. मंग हळूच हिरव्या अक्षरात आलं का आपली जागा पक्की झाली आहे.

बुधरीनं ते मोठ्यानं वाचलं. झिंगूनं दारातून गोंडीत काई इचारलं, तिनं उत्तर देलं, अन् तो माणूस जमिनीवर बसल्या बसल्या हसाले लागला. रीता मात्र टेबलावर डोकं टेकून तशीच राह्यली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढं त्या लोकाईनं दुरुस्ती काढली. बाजूले किती उभे राहतीन त्याची हद्द ठरवली, भरलं का जुने काढून टाकाचे. सोबत सगळ्या जगाले कळवलं का हे भोक कोणी दाखवलं. रीता दिघोरे, वडसा, भारत. 'वडसा' चुकीचं लिवलं होतं, 'वडासा' का काय. सगळ्याईनं दुरुस्तीचं नवं सॉफ्टवेअर घ्यावं म्हणून तिनं आणखी काई दिवस मले गप्प ठेवलं, अन् मंग म्हणाली, "लावा मामा, भोंगा." मी असा लावला का आरमोरीपर्यंत ऐकू गेला असन.

दिवाळी झाली. मंडई आली. आमचं नाटक वडशाजवळच्याच एका गावात होतं. जेवणं आटोपून लोक गेटवर लोटले. बाजूले नेहमीचे साळे-जवाई उभे, त्यात आमचे जवाईबापू बी, तिकीट त्याच्या दोस्ताजवळ होतं म्हणे. तेवढ्यात समोर बुधरी. सुट्टीवर आलेली, केस नीट इंचरलेले, चांगल्या घरच्या नर्सबाईसारखी.

"मामा," ती म्हणाली, "दोघींचं तिकीट रीताताईजवळ आहे. ताई मागून येऊन राह्यली."

तोंडातून सवयीनं निघालंच, "बाजूले हो."

ती झाली बाजूले. वाद नाई, रुसणं नाई. जवायाच्या बाजूले उभी राह्यली अन् रस्त्याकडं पाहाले लागली. अन् मले तो पांढरा पडदा आठवला. त्या दिवशी रीतानं सगळ्याईले हाकलून देलं ते याच एका पोरीले आत जाऊ द्याले, अन् मी तिलेच उभं करून ठेवलं!

"बुधरी, इकडं ये. आत जा, पहिल्या रांगेत बस."

"अन् मी?" जवाई ओरडला.

"तुम्ही नर्स आहा का?" मी म्हटलं. लोक हसले, जवाई पुन्हा रुसला, ते जाऊ द्या.

रीता आलीच नाई. सेंटर बंद करता करता कोणी पोरगा आला होता, त्याच्या कॉलेजची मुदत त्याच दिवशी सरत होती. दोन्ही तिकिटं तिच्या पर्समध्येच राह्यली. बुधरीच्या बाजूची खुर्ची रिकामी होती, अन् मंडप खचाखच भरलेला. लोक येऊन इचारत, भाऊ, इथी बसू का? नाटक संपेपर्यंत त्या खुर्चीवर मी कोणाले बसू देलं नाई.